दार नंतर ठरवू

१४ फेब्रुवारी २००३, शिनोली

कागदावर नकाशा कशाला काढायचा? घर माजं, जागा माजी, सगळं डोस्क्यात हाय. जन्मभर मेंढरांमागं फिरलो, कोकणात उतरलो, परत घाट चढलो, तवा कुणी नकाशा दिला नव्हता. ही डायरी पण गोरखच्या कंपनीची. पोरानं हौसेनं दिली. पानापानावर तारखा छापल्यात, कोरी ठेवली तर वाया जाईल, म्हणून लिव्हतो. चौथी झालीय, एवढं जमतं.

आज सामान आलं. टेम्पोत निम्मी जागा बायकोच्या गाडग्या-मडक्यांनी खाल्ली. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोकळं परस, तितं शेवग्याचं झाड. रस्त्यानं दिवसभर भीमाशंकरच्या जीपा. गोजर, म्हंजे आमची मंडळी, सगळ्या भिताडांना हात लावून आली. हितं खुंटी, तितं फळी. म्हणलं भिताड काय पळून जात न्हाई, आधी च्या टाक. तिला एकच पायजे, मागं सैपाकघर. आजवर दुसऱ्याच्या रानात तीन दगडांवर भाकरी थापल्या. वाऱ्यानं इस्तू इझला की शिव्या वाऱ्याला कमी आन मला जास्त.

१७ फेब्रुवारी

चांगदेव गवंडी येऊन गेला. बोलका गडी. म्हणला, बाबा, चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खोलीची रेघ मारून ठेवा, दाराची जागा मोकळी सोडा, नारळ फोडा, मंग मी पाया खणतो. नारळ कशापायी म्हणलं तर म्हणतो, खोबरं खायला. फक्कीचं पोतं ठिवून गेला.

गोजरला त्यो उभ्या वट्याचं सांगत व्हता, कडाप्पा, वर गॅस. ती म्हणली, उभ्यानं सैपाक कराया मी काय हाटेलात हाय व्हय? चूल भुईवर पायजे, शेजारी मोरी पायजे, धूर जायाला वर झरोका पायजे. चांगदेव माज्याकडं बघून म्हणला, मालक कोण हाय हितं? दोघं हसत बसली. मी उठून गेलो.

१९ फेब्रुवारी

आखणी उरकली. भांडणातच उरकली. गोजर मधी उभी ऱ्हाऊन दावत व्हती, हितं चूल, हितं मांडणी, हितं पाण्याचं पिंप. मी घमेलं घिऊन रेघ वढत व्हतो. दारावरनं जुंपली. ती म्हणती दार शेवग्याकडं, उगवतीला. मी म्हणतो घराकडं, पावसात भिजायचं कशाला. ती म्हणती, तुमाला पाटावर बसल्या जागी आयतं पायजे, म्हणून दार तुमच्या नाकाम्होरं. डोस्कं फिरलं. म्हणलं दार नंतर ठरवू, आन चारी बाजूनं रेघ बंद करून टाकली. नारळबिरळाची भानगड ठिवलीच न्हाई. घमेलं आपटलं आन म्हणलं, बस आता आतच.

देवळापाशी बसून आलो तरी ती तितंच. रुसली असंल. बसू दे.

२० फेब्रुवारी

रुसवा न्हाई ह्यो.

रेघंपाशी येती आन थांबती. म्हणली, अवं, पाऊलच पडंना. आधी हसत व्हती. मी हात आत घालून तिचा दंड धरला, वढला. माजा हात बाहीर आला. तिचा रेघंवर आला की भिताडावर आपटावा तसा आपटला. बोटं सोलली. मोकळ्या परसात, वर ऊन, मधी काय न्हाई.

रेघ केरसुणीनं झाडली. पाणी मारलं. जमीन वाळली, रेघ व्हती तशी.

भाकरी दिली, तांब्या दिला. आत जातं सगळं. दाणे टिपत कोंबडी आत शिरली, ती पण फिरतीय तितंच, रेघंवर डोस्कं आपटतीय.

गोरखला कळवलं न्हाई. आईला बघून त्यो आत उडी घालणार.

२१ फेब्रुवारी

चांगदेवला बोलावलं. आधी म्हणला, बाबा, म्हातारीची गंमत करताय. मंग तिची बोटं बघितली. टिकाव घिऊन रेघ खणली. खाली पांढरं. कोपरभर खणलं तरी पांढरंच, भिताडासारखं सरळ खाली गेलेलं. टोपी काढून बसला. म्हणला, मी तर वरच्यावर टाकायची फक्की दिली व्हती.

मंग म्हणतो, आत जातो आन खांद्यावर उचलून आणतो. गोजर वरडली, भाऊ, कोंबडी बघा आधी! त्यो थांबला. टिकाव हितंच टाकून गेला.

तिच्या आडोशाला लुगडं बांधलंय. मी रेघंच्या बाहीर बसून असतो.

२२ फेब्रुवारी

भर दुपारी इचारती, दिवा का इझवला?

ऊन तिच्या तोंडावर पडलंय. डोळं उघडं. मी म्होरं बसलोय, तरी माजं नाव घिऊन हाका मारती. जन्मात कधी नाव घेतलं न्हाई तिनं. आवाज कणगीतनं यावा तसा.

कंदील पेटवून आत सरकवला. वात जळतीय, मला दिसतीय. ती म्हणती अंधार हाय. हातानं चाचपत फिरती. वर हात करून म्हणली, झरोका न्हाई ठिवला तुमी.

चुकलं माजं. झरोका, मोरी, सगळं तुज्या मनासारखं. बाहीर ये नुस्ती.

२३ फेब्रुवारी

सकाळी म्हणलं, गोजर, दार तू म्हणशील तितं. वाकून सांगितलं. ती म्हणली, शेवग्याकडं, कवाचं सांगतीय.

त्या बाजूला गेलो. तळहातानं पुसली तर रेघ गेली. खरंच गेली. परत आली न्हाई. मी लहान पोरासारखा रडलो. वरडलो, दार झालं, ये, उजव्या हाताला, भिताड धरून ये. आली. चाचपत आली, अगदी दाराशी आली —

थांबली. पदर डोस्क्यावर घेतला. मागं सरली.

म्हणलं, अगं ये की! तिनं बोट ओठावर ठिवलं. हळू म्हणली, पावणं आल्यात.

परसात कुणी न्हाई. मी, शेवगा आन ती.

म्हणती दारातच बसल्यात, आडवं. म्हणलं वलांड. तुडव. ती म्हणती, मोठी माणसं हायती, सासऱ्याच्या वयाची, त्यांच्यावरनं पाय कसा टाकू? लाज न्हाई का मला?

मी शिव्या दिल्या. हात जोडले. न्हाई ऐकत. सून म्हणून आली तवापासनं कुणा मोठ्याला वलांडलं न्हाई, आन आता —

२४ फेब्रुवारी

अजून येत्यात. ती सरकती. सारखी सरकती, जागा देती. कोपऱ्यात गेलीय. गुडघं पोटाशी.

कोंबडी दिसंना. इचारलं. म्हणली पावण्यांना केली. कशावर केली, चूल कुठं हाय तितं? म्हणली, मी दावली तितंच की.

दार पुन्हा बंद करावं म्हणून फक्की घेतली. बंद केलं तर ती त्यांच्यासंगट आत. न केलं तर अजून येणार. घमेलं धरून उभा ऱ्हायलो.

दुपारी

तिचा गाल चपटा झालाय. काचंला दाबावा तसा. मागनं कुणी रेटतंय.

२५ फेब्रुवारी

चांगदेवनं फोन केला गोरखला. उद्या पहिल्या गाडीनं येतोय. त्यो थांबायचा न्हाई. माजंच रगत हाय, इचार न करता पाय टाकणार.

ती म्हणली, इचारत्यात, घरधनी कुठाय. घरधनी आला की उठू म्हणत्यात. मी म्हणलं, आन न आला तर? तिनं मागं वळून त्यांना इचारलं. मंग म्हणली, तर पोराला बोलवा म्हणत्यात.

म्हंजे मलाच जायाचं. आजच. जाऊन तिला हाताला धरून, त्यांच्यावरनं पाय टाकून, न्हाईतर —

जायाच्या आधी दारातनं नुस्तं डोस्कं आत घातलं, कोण हायती बघायला.

बघितलं.

गोरख, परसात यायचं न्हाई. ही डायरी पुढच्या वट्यावर ठिवतो, वाच आन माघारी जा. आत कोण बसलंय ते इचारू नगं. मी लिव्हणार न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई. ती हाका मारतीय, मी चाललो, आन ह्याच्या म्होरं एक अक्षर —