दहा टक्के धूळ

४ मार्च १९६८
दहा टक्के! माझ्या नवऱ्याने, गोमरने, उभा जन्म कोळशाच्या खाणीत घातला आणि भरपाई बोर्डाचे डॉक्टर म्हणतात, छातीत धूळ फक्त दहा टक्के. शेजारच्या आयवरला तीस आहेत. त्यामुळे त्याला भरपाई बरी मिळते, शिवाय क्लबात शेकोटीजवळची खुर्ची. कुंपणावरून म्हणाला, "दहा? अरे, एवढी तर आमच्या कपाटावर असते."
गोमर हसला. मग बराच वेळ खोकला. मग म्हणाला, हसल्यामुळे खोकला आला.

५ मार्च
चूक त्याचीच आहे. तपासणीला गेला तो लग्नातला सूट घालून, बुटांना पॉलिश करून. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतं? तर म्हणे, "ठणठणीत." परक्यापुढे रडगाणं गायचं नाही, असं आईने शिकवलंय त्याला. सासूबाई गेल्या, शिकवण माझ्या गळ्यात.
युनियनच्या माणसाला सांगून अपील केलं. गोमर तोंड फुगवून बसलाय.

११ मार्च
मिस प्यू आल्या होत्या. चढावर त्यांचं दुकान आहे. "बोलू की नको असं झालंय, नेस्टा," म्हणाल्या. असं म्हणणारी बाई बोलल्याशिवाय जात नाही.
"तुझा नवरा रोज सकाळी माझ्या काचेपुढे उभा असतो. अगदी नाक लावून. गिऱ्हाइकं लाजतात गं आत यायला."
त्या दुकानात बायकांच्या आतल्या कपड्यांशिवाय काहीही मिळत नाही. आणि गोमर चॅपेलच्या पंचांपैकी एक!
चहाला बसल्यावर विचारलं, "तिथे काय बघतोस?"
"काही नाही."
"काही नाही बघायला काचेला नाक लागतं?"
"डोळे अधू झालेत माझे."
आज त्याला पुडिंग दिलं नाही.

१३ मार्च
पेपर आणायला निघाला तसा मीही निघाले, मागे मागे. मिस प्यूंच्या काचेपुढे थांबला. काचेत ते गुलाबी प्रकरण टांगलेलं. पण याचे डोळे मिटलेले. एक हात चौकटीवर, मान खाली, खांदे भात्यासारखे वरखाली. समोरून पाद्रींच्या पत्नी आल्या तेव्हा कुठे डोळे उघडले, आणि खरेदी करायची असावी तसा त्या गुलाबी प्रकरणाकडे बघत राहिला. पाद्रीबाईंनी रस्ता ओलांडला.
दम घेत होता. चढावर माणूस उगाच थांबला तर लोक म्हणणार, गोमर थकला. त्यापेक्षा चावट म्हटलेलं चालेल त्याला!
घरी येऊन पुडिंग केलं. दोनदा वाढलं. "आज काय विशेष?" म्हणाला. काही नाही म्हटलं.

१ एप्रिल
उद्या कार्डिफला अपिलाचं बोर्ड. सूट माझ्या बहिणीकडे लपवलाय.

२ एप्रिल
गोमर आयवरचा सूट उसना घालून आला. बाह्या कोपरापर्यंत.
बोर्डापुढे तीन डॉक्टर. छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. मला बाहेर बसवलं होतं, पण दार पुरतं लागत नव्हतं.
"चढावर दम लागतो का?"
"छे. सवय आहे."
मी दार ढकललं. म्हटलं, "साहेब, मग त्याला विचारा, रोज सकाळी बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानापुढे काय करतो!"
"बाई, तुम्ही बाहेर थांबा."
"थांबते. पण उत्तर ऐकून."
गोमर आधी लाल झाला, मग जांभळा. तिघे डॉक्टर त्याच्याकडे बघतायत. सगळ्यात थोरल्याने पेन खाली ठेवलं. "काय करता, मिस्टर प्रोबर्ट?"
इकडे आड, तिकडे विहीर. बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मग बुटांकडे बघत म्हणाला, "दम घेतो. पूर्वी पोस्टापर्यंत जायचो एका दमात. आता त्या दुकानापर्यंतच जमतं."
"आणि जिना?"
"नाही जमत. ख्रिसमसपासून बैठकीतच झोपतो. बसूनच. आडवं झालं की गुदमरतं."
बसून झोपतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी वर एकटी असते.
परत येताना म्हणाला, "सगळ्यांपुढे अब्रू घालवलीस."
"शिल्लक कुठे होती? मिस प्यूंनी आधीच नेली."
हसला. मग बस थांबेपर्यंत खोकला.

१९ एप्रिल
निकाल. ऐंशी टक्के! दहाचे ऐंशी! मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. आता आयवरला शेकोटीजवळची खुर्ची सोडावी लागणार. मनुका घालून केक करायला घेतला.
गोमर म्हणाला, "शाब्बास, नेस्टा." आणि बागेत जाऊन बसला.

२० एप्रिल
आयवरने कुंपणावरून विचारलं, "काय रे, किती दिले?" मी सांगणार, तेवढ्यात गोमर म्हणाला, "तीस. तुझ्याएवढेच." आयवर भलताच खूश झाला.
आत आल्यावर विचारलं, खोटं का बोललास? म्हणाला, "आपल्या गल्लीत याआधी ऐंशी एकट्या टॉमोसला मिळाले होते. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मी आणि आयवर होतो."
पलंग खाली आणलाय. दोघांचा.