सातवी खिडकी

हारकोम हॉल, ऑक्टोबर १९५२

प्रिय आईस,

मी बरा आहे, धुळीचा खोकलाही आता कमी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

आम्ही हवेली पाडायला घेतलीय. तू इथे नवी मोलकरीण होतीस तेव्हा नोकरांवर देखरेख करणाऱ्या मिसेस पॉम्फ्रेटनी तुला सातवी खिडकी आतून पुसायला पाठवलं होतं. तू दिवसभर त्या खिडकीची खोली शोधलीस आणि संध्याकाळी त्या म्हणाल्या, "काय गं, सापडली का?" सगळं स्वयंपाकघर हसलं.

हवेलीच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून तिथे बाहेरून भिंतीवर नुसती चौकट आणि काच बसवली होती, मागे विटाच होत्या.

काल ती भिंत पाडायचं काम मी मुकादमाकडून मागून घेतलं. आधी काच सोडवली, मग विटा. तिथून पहिल्यांदाच ऊन आत आलं.

काच घरी आणतोय. आता आतूनही पूस.

तुझाच,
हर्बर्ट