एआरआयडीवनए आणि घोटीची नणंद

३ फेब्रुवारी
ह्यांच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट कपाटातून काढला. एआरआयडीवनए नावाचं जनुक बिघडलेलं. बावीसला वर्षश्राद्ध. त्याआधी हा आजार कुठून आला ते शोधणार. डॉक्टरांच्याने झालं नाही, माझ्याने होईल.

४ फेब्रुवारी, दुपारी
समजलं. सोपं आहे, लोक उगाच पीएचडी करतात. पेशीत डीएनए घड्या घालून ठेवलेला असतो, ट्रंकेतल्या साड्यांसारखा. कुठली घडी उघडायची, कुठली मिटलेली ठेवायची, हे बघणारी जनुकं वेगळी. ती बिघडली की सगळा पसारा.
रोहिणी म्हणाली, आई, इतकं सोपं नसतं गं. एम.कॉम. झालेली मुलगी. तिला काय कळणार.

६ फेब्रुवारी
सगळ्या कॅन्सरचा तक्ता मोबाइलवर सापडला. ह्यांचा चष्मा लावून वाचला. माझ्या चष्म्यापेक्षा स्पष्ट दिसतं. जठर, गर्भाशय, मूत्राशय, लिव्हर, सगळीकडे ह्याच जनुकांची भानगड. एका कॅन्सरमध्ये जोरात, दुसऱ्यात गप्प. अगदी घोटीची नवसाबाई. ह्यांची धाकटी बहीण. माहेरी आली की गल्लीभर आवाज, सासरी मूग गिळून.

७ फेब्रुवारी
आता शंकाच नाही. घराण्याचं रक्त. सासूबाई पोटाच्याच दुखण्याने गेल्या. माझ्या माहेरी कुणाला साधं पित्त नाही. नवसाबाईशी बोलणं बंद. श्राद्धाला बोलावणार नाही. एकुलती बहीण असेल, म्हणून काय.
रोहिणी म्हणाली, बाबांना आवडलं असतं का? मी म्हटलं, त्यांना विचारण्याची सोय कुणी ठेवली आहे?

१५ फेब्रुवारी
नवसाबाईचा फोन नाही. झोंबलं असणार. ताठा बघा.

१८ फेब्रुवारी
रोहिणीचं रक्त तपासायला तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांना सगळं समजावून सांगितलं, साड्यांसकट. ऐकून घेतलं. मग म्हणाले, काकू, काकांचं रक्तही तेव्हा तपासलं होतं. त्यात हा बिघाड नव्हता. तो फक्त गाठीत, तिथेच झालेला. आईबापाकडून आलेला नाही, मुलीला द्यायचा प्रश्न नाही.
मग कुणामुळे, विचारलं. कुणामुळेच नाही, म्हणाले.
एवढं शिकून एवढंच.

२० फेब्रुवारी
मोठ्या मनाने नवसाबाईला फोन केला. म्हटलं, झालं गेलं विसरू. ती म्हणाली, काय झालं वैनी? मला वाटलं तुमचं रिचार्ज संपलं. श्राद्धाला ये म्हटलं तर म्हणाली, त्यात काय बोलवायचं? दादाचं वरीस हाय. तांदूळ कधीचा निवडून ठेवलाय.
इतके दिवस अबोला धरला, तिला पत्ताच नाही.

२२ फेब्रुवारी
सकाळच्या बसने आली. रडली, गल्लीभर. दिवसभर तिच्यात खोट शोधली. तिने आणलेल्या तांदळाचा भात मऊ झाला होता, वासाचा, ह्यांना लागायचा तसा.
जाताना टेबलावरचा चष्मा उचलला. दादाचा ना ह्यो, म्हणाली. वैनी, तुम्हाला दिसतं ह्यातून?
नाही म्हटलं.