सहा महिन्यांचा फुगा

इंदिरा नगर, लखनऊ
१ सप्टेंबर २०१२

ती. विभाताईस,
सा. न. वि. वि.

अधिकाचं वाण मंगळवारी पोचलं. तेहतीस अनारसे, एकही मोडला नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला दोन महिने होतायत न होतायत तोवर आईनं तळणीपुढे बसायला नको होतं, पण जावयाचं वाण म्हटल्यावर ती कुणाचं ऐकणार! विक्रमनं वाणाला नमस्कार केला, एका अनारशाचा नखाएवढा तुकडा मोडला आणि रोज चहाबरोबर एकेक खाईन म्हणून डबा त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये, कामावर, घेऊन गेला.

हे पत्र त्या तुकड्यामुळे. फोनवर बोलता येत नाही, तो शेजारीच असतो.

तुला फुग्याचं ठाऊक आहे, तरी क्रमानं लिहिते, म्हणजे माझं मलाच तपासता येईल. विक्रम एकशे अठरा किलोंवर गेला, साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी जठर लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. कापायचं म्हटल्यावरच तो हबकला. मग गोमती नगरमधल्या एका क्लिनिकच्या डॉ. गजेंद्रांनी दुसरा मार्ग दाखवला. तोंडातून दुर्बिणीनं सिलिकॉनचा फुगा जठरात सोडायचा आणि खारं पाणी भरून फुगवायचा. टाके नाहीत, चिरा नाही. पोट अर्धं भरलेलंच राहतं, माणूस कमी जेवतो. पण हे सहाच महिने. पुढे पोटातल्या आम्लानं फुगा कच्चा होतो, फुटून आतड्यात अडकू शकतो, म्हणून काढायचाच.

मला त्या क्लिनिकवर पहिल्यापासून भरवसा नव्हता. भिंतभर आधीचे आणि नंतरचे फोटो, पण फुगा काढल्यावर वर्षानं माणूस कसा दिसतो याचा एकही नाही. आतल्या पाण्यात निळा रंग असतो, फुगा फुटला तर लघवी हिरवी होते, असं कळल्यावर जानेवारीभर मी त्याच्या मागोमाग बाथरूममध्ये डोकावत होते. हसू नकोस.

फुगा सात जानेवारीला बसवला. सात जुलैला, मी तुझ्याकडे असताना, काढला असं त्यानं मला फोनवर सांगितलं. माझ्या रोजच्या वहीत तशी नोंद आहे. काढल्यावर भूक परत येते, असं डॉक्टरच म्हणाले होते. मग हा अजून दीड पोळीवर हात का धुतो?

आमच्या अनघाजवळ हे बोलले, तर लेकीनं हिंदीतच सुनावलं की पप्पांची प्लेट सोडून मी आपली बघावी. कदाचित तिचं बरोबर असेल. नवरा शहाण्यासारखा जेवतो म्हणून जिला चैन पडत नाही, अशा बाईला काय म्हणावं ते तूच सांग.

ती. आईस सा. न. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
अरुणा

*

कोल्हापूर
६ सप्टेंबर २०१२

चि. सौ. अरूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आईला अनारशांपुरतं वाचून दाखवलं. बाकीचं गाळलं.

अगं, नवरा फार खातो म्हणून दहा वर्षं माझ्याकडे रडलीस, आता कमी खातो म्हणून रडतेस. विक्रमरावांनी करायचं तरी काय? सहा महिन्यांत माणसाला सवय लागते. शिवाय तेलकट-गोड सोडायचं त्यांनी मनावर घेतलं असेल. लहानपणी तू माझी कंपासपेटी उघडून पेन्सिली मोजायचीस, तीच तू अजून. वही लिहिणाऱ्या बायकांचं हे असंच. काही घडलं नाही तर पान कोरं राहील याची धास्ती!

क्लिनिकमध्ये वगैरे फोन करत बसू नकोस, उगाच विक्रमरावांचं हसं होईल. त्यांनाच नीट विचार. येत्या आठवड्यात एखादे दिवशी निवांत विचार.

आईचा डोळा छान आहे. पंचांग चष्म्याशिवाय वाचते आणि माझ्या चुका काढते. अनघाला आशीर्वाद.

तुझ्यावर कायम माया करणारी,
विभा

*

इंदिरा नगर, लखनऊ
१२ सप्टेंबर २०१२

विभाताई,
नमस्कार.

भूतनाथ बाजारात सब्जी घेताना हरिहर भेटला, इन्स्टिट्यूटच्या गेटवरचा चौकीदार. त्यानं हात जोडून मिठाईबद्दल आभार मानले. त्यांच्या गावाकडचा अनरसा गोळ्यासारखा असतो, आपला चपटा, पण लाजवाब, असं म्हणाला. साहेबांनी अख्खा डबा पहिल्याच दिवशी गेटवर देऊन टाकला होता. आणि विक्रम मला रोज सांगत होता, आज एक खाल्ला.

जावयानं वाण वाटून टाकलं याचं मला काही नाही. रोजच्या त्या एकाचं आहे.

घरी येऊन त्याचं कपाट उघडलं. याची लाज वाटते, तरी लिहिते. पोटातलं आम्ल कमी करण्याच्या गोळ्या फुगा असेपर्यंतच घ्यायच्या होत्या. त्यांची नवी पाकिटं, ऑगस्टमधली. मग क्लिनिकला फोन केला. फुगा काढलेलाच नाही. आज आठ महिने आणि पाच दिवस झाले.

तिथल्या बाईंनी माझ्यावरच आवाज चढवला. त्यांनी पाच जुलैला सकाळी अकराच्या सुमारास माझ्या मोबाईलवर फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि मी विक्रमला पाठवते असं म्हटलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी वही काढली. पाच जुलैला सकाळी दहापासून दीडपर्यंत मी आईबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात होते. मोबाईल तुझ्या स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

मी आणखी काही विचारत नाही. तू लिही. फोन करू नकोस, फोनवर तू बोलायला लागलीस की मी विरघळते.

शनिवारची वेळ घेतली आहे. आधी दोन दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे आहेत, म्हणून आज संध्याकाळीच त्याला सांगावं लागेल. तोवर फुगा टिकावा, एवढंच.

अरुणा

*

कोल्हापूर
१७ सप्टेंबर २०१२

प्रिय अरू,

उद्या हरतालिका, परवा गणपती, घरात पसारा आहे आणि मी तो तसाच टाकून बसले आहे.

फोन मी घेतला होता. मी बहीण आहे म्हणायच्या आत त्या बाई बोलत सुटल्या. पेशंट यायला तयार नाहीत, तुम्ही समजवा, इतकंच कळलं. पाठवते म्हणाले. मग विक्रमरावांना फोन केला. अरू, ते रडले. सगळ्या जन्मात पहिल्यांदा भूक गप्प बसली आहे, एक महिना राहू दे, अरुणाला कळलं तर ती ओढून नेईल, असं म्हणाले. माझ्याकडून शब्द घेतला. तुला आणखी पंधरा दिवस ठेवून घेतलं ते आईच्या डोळ्यासाठी नव्हतं.

आतड्यात अडकतो हे मला तुझ्या पहिल्या पत्रातून कळलं. त्याच दिवशी त्यांना पुन्हा फोन केला. आठवड्यात काढतो म्हणाले, आणि मी तुला ते थट्टेचं पत्र लिहिलं. आठ महिन्यांचा हिशेब मलाही येत होता. शब्द मोडायला हवा होता.

शनिवारी काय झालं ते कळव. आई रोज विचारते, जावयांना अनारसे आवडले का.

तुझी,
ताई

*

इंदिरा नगर, लखनऊ
२५ सप्टेंबर २०१२

ती. ताईस,
सा. न.

फुगा शनिवारी निघाला. मऊ पडायला लागला होता, पण फुटला नव्हता. जठरात एक व्रण आहे, औषधानं भरेल म्हणतात. डॉ. गजेंद्र म्हणाले, आणखी काही आठवड्यांनी हेच काम पोट उघडून करावं लागलं असतं. ज्या कापण्याला भिऊन फुगा घेतला, तेच! तरी मी त्यांच्याकडून रिपोर्टचा कागद मागून घेतला आहे आणि तो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार आहे.

परतताना गाडीत मी विक्रमला विचारलं की ताईला सांगता आलं, मला का नाही. तो म्हणाला, जुलैच्या सुरुवातीला त्यानं वजनाचा नव्व्याण्णव किलोंचा आकडा फोनवर सांगितला, तेव्हा मी हसून म्हटलं होतं की ज्या माणसाशी माझं लग्न झालं तो आता कुठे परत दिसायला लागला. त्या माणसाला पुन्हा घालवायचा कसा, हे त्याला कळेना.

मी घरी येऊन वही पाहिली. त्या दिवसाच्या पानावर आईच्या थेंबांच्या वेळा आहेत, गाडीचं रिझर्व्हेशन आहे. ते वाक्य नाही. मी सगळं लिहिते असं समजत होते.

तुझा राग आला आहे आणि इतक्यात जाणार नाही. आईला सांग, अनारसे सगळ्यांना आवडले. हे खरं आहे. पत्र लिहीत जा. प्रत्येक वेळी मी ते दोनदा वाचेन, एकदा तुझ्यासाठी आणि एकदा संशयासाठी. हे चालणार असेल तर लोभ असू दे.

विक्रमची भूक परत आली आहे. काल त्यानं दुसऱ्यांदा भात मागितला. मागण्याआधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी वाढला. वाढताना माझं तोंड कसं दिसत होतं, ते मला माहीत नाही.

अरुणा