एका पुठ्ठ्यात तीन

कोल्हापूर,
१४ जानेवारी १९८५

प्रिय आकाराम,

माझं अक्षर बघून तू पत्र फाडशील, ठाऊक आहे मला. फाड, पण आधी वाच की लेका.

कॉलेजाला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेत ग्रंथालयाचा इतिहास लिहायचं काम ग्रंथपाल म्हणून माझ्या गळ्यात आलं. लिहायला बसलो आणि पानोपानी तूच. जिन्याखालची ती कोंदट खोली, दोन कपाटं, आणि शिरोळच्या इनामदारांनी दिलेली पुस्तकं एसटीच्या टपावर बसून आणणारा तू, शिपाई म्हणून लागून आठवडाही झाला नव्हता तुला. आज अठरा हजार पुस्तकं आहेत, वाचायला वेगळं दालन आहे. पोरी निवांत बसून वाचतात.

कॉलेजच्या सेक्रेटरींनी मजकूर तपासला आणि एक ओळ घुसवली. 'सन १९७४ मध्ये शिपायाच्या अप्रामाणिकपणामुळे बत्तीस ग्रंथ गहाळ झाले.' उद्या सकाळी दहाला कागद छापखान्यात जायचे आहेत. हजार प्रती निघणार. तुझ्या गावी, बिद्रीत, सुनांच्या हातीही पडतील.

ते बत्तीस ग्रंथ म्हणजे ऊस, गूळ, जनावरांचे रोग असल्या पातळ पुस्तिका. पानं सुटायची, म्हणून फक्रुद्दीन बाइंडरला मीच सांगितलं, तीन-तीन एका पुठ्ठ्यात शिव. पाठीवर नंबर फक्त पहिलीचा पडला, आतल्या दोघींचा नाही. पडताळणीवाल्यांनी पाठी मोजल्या, आत कोण बघतंय? किल्ली तुझ्याकडं, म्हणून चोर तू. भर बैठकीत तू माझ्याकडं वळलास. "सिकंदर, तू तरी बोल की." मी खाली मान घालून बसलो. तेव्हा मला बाइंडिंगचं सुचलंही नव्हतं, एवढं खरं मान.

पुढचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही, घरी खतिजालाही नाही. तुला कामावरून काढल्यावर पंधरा दिवसांनी एका प्राध्यापकांनी त्यातलाच एक पुठ्ठा परत केला. उघडला तर आत तिन्ही नंबर. मग तसे शिवलेले सोळाही पुठ्ठे काढून बघितले. बत्तीसच्या बत्तीस पुस्तिका तिथंच होत्या. ग्रंथपाल म्हणून माझी नोकरी कायम व्हायची होती, आकाराम. मी भ्यालो. पुठ्ठे परत फळीवर लावले आणि गप्प राहिलो. आज ती ओळ खोडून त्याजागी हे सगळं माझ्या नावानिशी लिहिलंय. छापलंस तर घरी बसशील, असं सेक्रेटरींनी बजावलंय. बसेन. छापखान्यात उद्या मी स्वतः जातोय. पण तू ते स्मरणिकेत वाचण्याआधी माझ्याकडनं कळावं, म्हणून हे पत्र. तू चोर नव्हतास हे मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं.

तुझाच म्हणवायची लाज वाटणारा,
सिकंदर