बाहेरून लॉगिन बंद केलंय

दादा,

मी ड्यूटीला निघालेय. आपल्या घरच्या राउटरमध्ये सुरक्षेची खोट असल्याची कंपनीची सूचना आली होती, म्हणून काल कामावरून त्यात शिरता येतं का ते करून पाहिलं. तुझा बावीस अक्षरी पासवर्ड त्यानं विचारलासुद्धा नाही. ब्राउझरमध्ये एक ओळ टाकली आणि मी थेट आत, तिथून आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात. आई पांघरुणाची घडी घालत होती. मी थक्क होऊन बघतच राहिले. इतकी सोपी वाट, आणि ती कुणालाही मोकळी!

राउटर अपडेट केलाय. तू ऑफिसातून आईला बघायला चालू ठेवलेलं बाहेरून लॉगिन बंद केलंय. कॅमेराही काढलाय.

आई म्हणाली, "मग आता तो मला बघणार कधी?"

मी सांगितलंय, आज सहाला. बूट काढलेस की सरळ तिच्या खोलीत जा.

– छोटी