खानाच्या कॉफीवाल्याचा खापरपणतू

बाग्चेसराय,
ऑगस्टमधला एक नकोसा मंगळवार

आदरणीय रेशातमामा,

इथूनच तुमचा उजवा हात ओठांना आणि मग कपाळाला लावतो (तुम्ही तो पुढे केलाय असं धरून चालतो, मी कॉलेज सोडल्यापासून तो तुम्ही खिशातच ठेवलाय, असं आई म्हणते). गुडघा कसा आहे? मामींचा रक्तदाब, अंगणातला जर्दाळू आणि ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही तो शेजारी, सगळे मार्गिलानात खुशाल असावेत. इकडे आई खुशाल आहे. माझं पुढे लिहितो.

कॉलेज मी भांडून सोडलं, हे तुम्हाला कळलंच आहे. आमचे एक सर वर्गात म्हणाले, बाग्चेसराय कसली राजधानी, ते तर मोठं खेडं. मी बाकावर उभा राहून अर्धा तास उत्तर दिलं आणि तसाच दाराबाहेर पडलो. हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे अफीफे. राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या आजोबांचं, अब्लामित आजोबांचं, कॉफीचं दुकान आहे. तिथे ती पितळी हातगिरणीत कॉफी दळत बसते, प्रत्येक दाण्याने तिचं काहीतरी बिघडवलं असावं अशा चेहऱ्याने. त्या चेहऱ्यासाठी मी दिवसाला नऊ कप रिचवत होतो. नऊ कप प्यालेल्या माणसाला यंत्रशास्त्राच्या तासाला बसवत नाही, मामा. करून बघा. (नको, मामी रागावतील.)

मग मी वाटाड्या झालो, अर्थात बिनपरवान्याचा. किनाऱ्यावरून बसगाड्या येतात, त्यांच्याबरोबर परवानेवाल्या बायका येतात, हातात छत्री आणि तोंडात पाठ केलेलं. मी फाटकाशी उभा राहून उरलेसुरले प्रवासी गोळा करायचो. त्यांना दाखवण्यासारखं आपल्याकडे आहे तरी काय? अडीचशे वर्षं खान जिथून राज्य करत होते ती राजधानी ज्या नदीकाठी वसली तिचं नाव सडकं पाणी. वाड्यातलं जे जुनं म्हणून दाखवतात ते बरंचसं जळल्यानंतरचं, कारण रशियन फौजेने सगळं एकदा व्यवस्थित जाळलं होतं. पन्नास वर्षांनी त्याच देशाची महाराणी इथे तीन रात्री राहून गेली, तर तिच्या मुक्कामाचं कौतुक सगळ्यांना. मेलेल्या प्रियेसाठी खानाने बांधलेलं अश्रूंचं कारंजं आहे. ते थेंबाथेंबाने रडतं, पण नळाला पाणी असेल तरच. ते बघून बायका डोळे पुसतात. चव्वेचाळीस साली सरकारने याच गल्ल्यांतून आपलं आख्खं गाव मालगाडीत कोंबून हजारो मैल दूर, तुमच्या मार्गिलानाकडे नेऊन टाकलं, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. मी सांगायला लागलो की लोक घड्याळ बघतात आणि आइस्क्रीम कुठे मिळतं ते विचारतात.

तेव्हा मी एक पूर्वज चोरला. अब्लामित आजोबा रोज संध्याकाळी दुकानात आपल्या घराण्याची गोष्ट सांगतात: त्यांचा पूर्वज कुर्तमोल्ला हा खानाचा कॉफीवाला, खानाच्या आधी प्रत्येक पेला त्याने प्यायचा, आणि तो जिवंत राहिला तर खानाने. एवढं भारी माणूस एका गल्लीत पडून होतं, मामा. मेलेल्या माणसावर कोणाची मालकी थोडीच असते, असा मी विचार केला (हा मी त्या वर्षी केलेला एकमेव विचार). मी नारिमान, बाबा एन्वेर, आजोबा सेइतुमेर, आणि त्यांच्या डोक्यावर अब्लामित आजोबांच्या वडिलांपासून थेट कुर्तमोल्लापर्यंतची पाच नावं चिकटवली. प्रवासी खूश. फोटो काढताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागले.

पुढचं सगळं शेफिकामावशींनी केलं. त्या आमच्या शेजारीण, फाटकाशीच विणलेल्या टोप्या विकतात, आणि गावातल्या निम्म्या सोयरिकी त्यांनीच जुळवल्या आहेत. आई त्यांनाच अफीफेला मागणी घालायला घेऊन गेली. सात पिढ्यांत दोन्हीकडचं एकही नाव सामाईक नको, हे तुम्हाला काय सांगायचं. अब्लामित आजोबांनी रिवाजाप्रमाणे मुलाची सात नावं विचारली. आईला दोनच ठाऊक. (तिला तरी कुठून ठाऊक असणार? बाबा मी दोन वर्षांचा असताना गेले आणि कागद सगळे त्या गाडीतच राहिले.) पण शेफिकामावशींनी तीन वर्षं माझी टकळी ऐकलेली. त्यांनी छाती पुढे काढून सातही घडाघडा म्हटली.

मी बाहेर बुटांपाशी उभा होतो. मग म्हातारा दारात आला, अनवाणीच. मामा, त्याचा थोरला भाऊ त्या मालगाडीतून एका स्टेशनवर पाणी आणायला उतरला, तो परत दिसलाच नाही. आणि त्याचंही नाव सेइतुमेर. आपल्यात दर तिसऱ्या घरात एक सेइतुमेर असतो, हे मी म्हणायला हवं होतं. पण त्याने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, "कान बघ कसे आहेत. डिट्टो माझ्या भावाचे." तशा कानांना तोवर कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मेंढा कापला. सोयरीक राहिली बाजूला. हरवलेल्या भावाचा नातू सापडला, याहून मोठं काय? आता दुकानात माझी जागा भिंतीकडची, उशी लावलेली, आणि कॉफी फुकट. अफीफे ती आणून ठेवते आणि सगळ्यांसमोर म्हणते, "घे, दादा." आई म्हणाली, सांगायचं तर तू सांग, मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही. मी तीनदा सांगायला गेलो. तिन्ही वेळा त्याने मला भावाच्या लहानपणाची एकेक नवी गोष्ट सांगितली आणि तुझ्या आजोबांनी तुला ही सांगितली होती का, असं विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हणालो. असा मी शूर.

बाकी हवा बरी आहे. द्राक्षं यंदा लवकर पिकली. मामींना सलाम.

तुमचा,
नारिमान

ता. क. : खरं काम राहिलंच. तुम्ही माझ्या आजोबांबरोबर कापसाच्या गिरणीत सात वर्षं काम केलंत. ते कारासुबाजारचे कल्हईवाले होते, कुर्तमोल्ला त्यांनी स्वप्नातही पाहिला नव्हता, एवढं अब्लामित आजोबांना चार ओळींत लिहून कळवा. तुमचं अक्षर वडीलधारं आहे. माझं तोंड तसं नाही.

दुसरा ता. क. : पाकीट बंद करायच्या आत जमलं तर बरं, म्हणून अफीफेला गल्लीत गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू ती नावं पाठ करायचास ना, आमच्याच दुकानात, ओठ हलवत." मग म्हणाली, "साठ वर्षांनी आजोबा रात्रीचे झोपायला लागलेत, नारिमान. त्यांना सांगितलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही." मी विचारलं, आणि नाही सांगितलं तर? ती दुकानाकडे वळली. तिला दुसरीकडून मागणी आली आहे, दंतवैद्य आहे. सप्टेंबरात लग्न.

तिसरा ता. क. : अब्लामित आजोबांना ते पत्र लिहू नका. त्याऐवजी तुमच्याकडच्या मार्गिलानी रेशमाचा एक लाल कमरपट्टा पाठवा, चांगला, आपल्यातला वाटेल असा. निघताना नवरीच्या कमरेला तो भावाने बांधायचा असतो, आणि तिला सख्खा भाऊ नाही. माप विचारू नका, मला ते माहीत नाही. थोडा लांबच घ्या.